टाकीतला दाब आणि उडणारी वाफ : एलएनजी जहाजावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

एलएनजी म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू, बहुतांश मिथेन. तो नेणाऱ्या जहाजाच्या टाकीत उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपासचा द्रव असतो, आणि बाहेर समुद्राचं पाणी असतं तीस अंशांचं. मधे पाव ते अर्धा मीटर जाडीचं इन्सुलेशन. ते कितीही उत्तम असलं तरी उष्णता आत शिरतेच आणि द्रवाचा थोडा भाग अखंड उकळत राहतो. ही वाफ म्हणजे बॉइल-ऑफ गॅस. जहाजावर सगळे तिला बीओजी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

माठातलं थोडं पाणी झिरपून उडून जातं आणि उरलेलं गार राहतं, तसंच इथे होतं. वाफ जाताना उष्णता घेऊन जाते आणि मागचा द्रव थंड राहतो. त्यामुळे बीओजी निघतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं पहिल्या दिवशी मनात आलं तर ते काढून टाका. माल थंड राहतो तो या वाफेमुळेच. आपलं काम ती वेळेवर टाकीतून काढण्याचं आणि काढलेली कामाला लावण्याचं.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधीच सांगतो. वाफ काढली नाही तर टाकीतला दाब वाढतो आणि द्रव किंचित गरम होतो. मिथेनच्या बाबतीत या तापमानाला एक अंश म्हणजे साधारण आठ-नऊ किलोपास्कल. दाब वाढू देणं म्हणजे उष्णता मालात साठवणं. ती उष्णता कुठे जात नाही. आज ना उद्या, बहुधा बंदराच्या तोंडाशी, ती वाफ होऊन बाहेर येते, आणि तेव्हा ती जाळायला इंजिन चालू नसतं. म्हणून बीओजीचा विचार आत्ताच्या आकड्यावर थांबवू नका, तो कायम एक-दोन दिवस पुढचा करा.

जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गॅस टँकरसाठी बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे दोन टप्पे आहेत. भारतात मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांमध्ये हे कोर्स होतात. मालाची थेट जबाबदारी घ्यायची तर ॲडव्हान्स्ड लागतो. त्यासाठी गॅस टँकरवर किमान तीन महिन्यांची सागरी सेवा हवी, किंवा किमान एक महिना जादा माणूस म्हणून प्रशिक्षण हवं, ज्यात तीन वेळा माल भरणं आणि तीन वेळा उतरवणं झालेलं असेल. मला विचाराल तर संधी मिळाल्यास हा दुसरा मार्ग अवश्य घ्या. वॉचची, म्हणजे पाळीची, जबाबदारी अंगावर नसताना माणूस पाइपलाइनमागे चालत जाऊन बघतो, प्रश्न विचारतो.

कोर्समध्ये आयजीसी कोड, म्हणजे गॅस वाहून नेणाऱ्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम, शिकवतात. त्यातलं सातवं प्रकरण मालाच्या दाब-तापमान नियंत्रणाचं आणि सोळावं मालाचाच इंधन म्हणून वापर करण्याचं. ही दोन प्रकरणं परीक्षेनंतर पुन्हा एकदा सावकाश वाचा. दाब आटोक्यात ठेवण्याचे मार्ग कोड मोजकेच देतो : वाफ पुन्हा द्रवरूप करणं, वाफ जाळणं, ठरावीक मर्यादेत दाब साठू देणं, द्रव थंड करणं. मालाची वाफ हवेत सोडणं हा दाब राखण्याचा मार्ग म्हणून मान्य नाही, तो फक्त आणीबाणीसाठी.

पहिली पायरी : आपलं जहाज कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

पहिल्या आठवड्यात तीन प्रश्नांची उत्तरं स्वतः डेकवर आणि इंजिनरूममध्ये फिरून मिळवा. टाक्या कुठल्या? इंजिन कुठलं? आणि जास्तीची वाफ जाते कुठे?

टाक्या मुख्यतः दोन प्रकारच्या. डेकवर मोठे अर्धगोल दिसले तर ती मॉस टाकी. सपाट डेक असेल तर मेम्ब्रेन टाकी, म्हणजे आतून पातळ धातूच्या पत्र्याचं अस्तर असलेली, आणि तीत पुन्हा दोन घराणी. मार्क-थ्रीमध्ये स्टेनलेस स्टीलचा घड्यांचा पत्रा, तर एनओ-९६मध्ये ०.७ मिलिमीटर जाडीचा इनव्हार, म्हणजे ३६ टक्के निकेल असलेला मिश्रधातू. मेम्ब्रेन नाजूक असतो. टाकीतला दाब इन्सुलेशनच्या जागेतल्या नायट्रोजनच्या दाबापेक्षा बराच खाली गेला तर पत्रा आतल्या बाजूला फुगून फाटू शकतो. नवख्यांचं सगळं लक्ष दाब वाढण्याकडे असतं, पण फार खाली जाणंही तितकंच धोक्याचं, हे इथे कळतं.

इंजिनवरून तुमचा रोजचा दिवस ठरतो. जुन्या स्टीम जहाजांवर बीओजी बॉयलरमध्ये जातो. इंजिनला पाण्याची वाफ नको असली तरी बॉयलरमधली ती वाफ थेट कंडेन्सरमध्ये सोडता येते, म्हणून ही जहाजं बीओजीच्या बाबतीत फार सोशिक. २००६च्या सुमारास ड्युअल-फ्युएल डिझेल-इलेक्ट्रिक जहाजं आली. त्यांच्या इंजिनांना गॅस पाच-सहा बार दाबाने लागतो, आणि जास्तीची वाफ जाळायला जीसीयू, म्हणजे गॅस कम्बशन युनिट. त्यानंतरच्या पिढीत दोन स्ट्रोकची गॅस इंजिनं : एमई-जीआयला गॅस ३०० बारच्या आसपास हवा, एक्स-डीएफला १६ बारपेक्षा कमी पुरतो. कतारची क्यू-फ्लेक्स आणि क्यू-मॅक्स जहाजं वेगळ्याच वाटेने गेली. ती बांधली तेव्हा इंजिनं साध्या तेलावरची होती आणि बीओजी नायट्रोजनच्या चक्राने पुन्हा द्रव करून टाकीत परत जायचा. नव्या जहाजांवर असा रिलिक्विफॅक्शन प्लांट किंवा द्रवच आणखी थंड करणारा सबकूलर गॅस इंजिनाच्या जोडीला दिसू लागला आहे.

मग पाइपलाइन. टाकीच्या डोमवरून, म्हणजे वरच्या घुमटावरून, निघालेला व्हेपर हेडर (सगळ्या टाक्यांची वाफ गोळा करणारी लाइन), तिथून थेंब वेगळे करणारा मिस्ट सेपरेटर, एलडी कॉम्प्रेसर, हीटर, मग मास्टर गॅस व्हॉल्व्ह आणि इंजिनरूममधली दुहेरी भिंतीची लाइन, असा वाफेचा प्रवास हाताने कागदावर काढा. आयत्या ड्रॉइंगची झेरॉक्स भिंतीवर लावून हे डोक्यात बसत नाही. एलडी म्हणजे लो-ड्युटी, रोजच्या बीओजीसाठी. एचडी म्हणजे हाय-ड्युटी, माल भरताना किनाऱ्याकडे वाफ परत पाठवण्यासाठी. दोन्ही मशिनं कार्गो मशिनरी रूममध्ये शेजारीशेजारी असतात.

दुसरी पायरी : तुमच्या जहाजाचा आकडा काढा

इन्सुलेशनचा दर्जा रोज मालाचा किती टक्के भाग उडतो यावरून सांगतात. जुन्या स्टीम जहाजांवर दिवसाला ०.१५ टक्के चालायचं, आज ०.०८५ किंवा त्याहून कमी मिळतं. १,७४,००० घनमीटरच्या नव्या जहाजावर ०.०८५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे १४८ घनमीटर द्रव. घनता घनमीटरला ४५० किलो धरली तर ६६ टन, म्हणजे ताशी पावणेतीन टन. मिथेनची बाष्पीभवनाची उष्णता किलोला साधारण ५१० किलोज्यूल. त्यावरून हिशेब केला तर एवढ्या मोठ्या जहाजात चोवीस तास शिरणारी उष्णता जेमतेम ४०० किलोवॅट निघते. हा हिशेब एकदा स्वतः करा, मग बीओजी ही गूढ गोष्ट राहत नाही.

हमीचा आकडा मात्र ठरावीक परिस्थितीतला असतो. कोडमध्ये डिझाइनसाठी समुद्र ३२ अंश आणि हवा ४५ अंश धरतात. ऑगस्टमध्ये इराणच्या आखातात पाणी ३२च्या वर जातं, तेव्हा थोडा जास्त बीओजी दिसला तर घाबरू नका. रिकाम्या परतीच्या प्रवासात तळाशी थोडाच द्रव असतो, तेव्हा भरलेल्या जहाजापेक्षा बराच कमी बीओजी निघतो.

तिसरी पायरी : दाब वाचायला शिका

सीसीआरमधल्या, म्हणजे कार्गो कंट्रोल रूममधल्या, पडद्यावर दोन प्रकारचे दाब दिसतात, गेज आणि ॲब्सोल्यूट. गेज म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त. द्रवाला मात्र बाहेरच्या हवेशी देणंघेणं नाही, तो ॲब्सोल्यूट दाबावर उकळतो. समजा जहाज कमी दाबाच्या पट्ट्यात शिरलं आणि बॅरोमीटर २० मिलिबारने उतरला. गेज दाब दोन किलोपास्कलने चढलेला दिसेल, पण टाकीत काहीच झालेलं नसेल. अशा वेळी नवखा माणूस कॉम्प्रेसरचा लोड वाढवतो, द्रव उगाच उकळवतो, आणि बॅरोमीटर परत वर आला की टाकीतला दाब गरजेपेक्षा खाली सापडतो.

म्हणून समुद्रात नियंत्रण ॲब्सोल्यूटवर ठेवणं शहाणपणाचं, आणि लक्ष दोन्हींवर. कारण सेफ्टी व्हॉल्व्ह गेजवर उघडतात. मेम्ब्रेन जहाजावर ते बहुधा २५ किलोपास्कलला लावलेले असतात. त्याखाली पायऱ्या असतात : रोजची कामाची मर्यादा, जीसीयू सुरू होण्याचा बिंदू, हाय अलार्म, व्हेंट मास्टचा, म्हणजे वाफ हवेत सोडणाऱ्या उंच खांबाचा, नियंत्रण व्हॉल्व्ह. खालच्या बाजूला लो अलार्म आणि मग ट्रिप, ज्याने कॉम्प्रेसर बंद पडतो. हे सगळे आकडे तुमच्या जहाजाच्या कार्गो मॅन्युअलमधून घेऊन खिशातल्या वहीत लिहा. दुसऱ्या जहाजाचे आकडे इथे चालत नाहीत.

प्रत्येक वॉचला लॉगमध्ये एका ओळीत लिहा : दोन्ही दाब, बॅरोमीटर, द्रवाचं तापमान, व्हेपर हेडरचं तापमान, कॉम्प्रेसरचा प्रवाह, समुद्राचं तापमान, जहाजाचा वेग. चार तासांत दाब किती सरकला, हा प्रश्न दाब आत्ता किती आहे यापेक्षा महत्त्वाचा. बारा किलोपास्कलवर स्थिर असलेली टाकी मला चालते, आठवरून तासाला अर्ध्याने चढणारी चालत नाही.

चौथी पायरी : माल भरताना

बंदरात भरताना सर्वात जास्त वाफ तयार होते. पाइपलाइन गरम असते, पंपांनी दिलेली उष्णता असते, टाकीच्या भिंती अजून पूर्ण थंड नसतात. शिवाय ताशी दहा-बारा हजार घनमीटर द्रव आत येतो, तेव्हा तेवढीच जागा व्यापलेली वाफ बाहेर ढकलली जाते. ही सगळी एचडी कॉम्प्रेसरने किनाऱ्यावर परत पाठवायची. कतारच्या रास लाफानमध्ये पूर्वी जेट्टीवरची ही वाफ फ्लेअरमध्ये जाळली जायची. २०१४च्या सुमारास तिथे ती गोळा करून वापरात आणणारी मोठी यंत्रणा सुरू झाली.

इथे तुमची नजर टाकीच्या दाबावर आणि कान वॉकीटॉकीवर हवेत. सुरुवात सावकाश करायची, लाइन थंड होऊ द्यायची, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवायचा. किनाऱ्याने वेग वाढवला आणि तुमचा एचडी अजून तयार नसला तर दाब मिनिटांत चढतो. 'वेग वाढवतोय' असा निरोप आला की 'थांबा, आमचा कॉम्प्रेसर तयार झाला की सांगतो,' असं म्हणायला नवखा कचरतो. कचरू नका. वेग कमी करा म्हणण्याचा अधिकार जहाजाला आहे आणि तो वापरल्याबद्दल कोणी वाईट वाटून घेत नाही.

भरताना द्रवाचं तापमान किती आहे तेही टिपून ठेवा. किनाऱ्यावरून माल थोडा गरम आला तर पहिले दोन दिवस बीओजी जास्त राहणार, हे तेव्हाच कळतं.

पाचवी पायरी : एलडी सुरू करणं आणि रोजचा ताळमेळ

एलडी सुरू करण्याची क्रमवारी जहाजागणिक बदलते, पण गाभा एकच. सील गॅस म्हणून नायट्रोजन चालू आहे का, ल्युब ऑइल गरम झालंय का, मिस्ट सेपरेटर निचरलाय का, सर्ज व्हॉल्व्ह उघडा आणि इनलेट व्हेन बंद आहेत का, हे सुरू करण्याआधी प्रत्यक्ष जाऊन पाहा. सेन्ट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर प्रवाह फार कमी झाला की सर्जमध्ये जातो, म्हणजे आतला प्रवाह उलटसुलट होऊ लागतो. मशीन हादरतं, आवाज बदलतो. तो आवाज एकदा ऐकलेल्या माणसाकडून समजून घ्या.

इंजिनकडे जाणारी लाइन आधी नायट्रोजनने पर्ज झालेली, म्हणजे आतली हवा हाकलून काढलेली, हवी. दुहेरी भिंतीच्या पोकळीतला पंखा तासाला तीस वेळा हवा बदलेल असा चालू हवा, आणि गॅस डिटेक्टर तपासलेले हवेत. साधारणपणे स्फोटमर्यादेच्या ३० टक्क्यांवर अलार्म आणि ६० टक्क्यांवर गॅस आपोआप बंद, अशी व्यवस्था असते.

मग रोजचा ताळमेळ. एका बाजूला नैसर्गिक बीओजी, वरच्या उदाहरणात ६६ टन. दुसऱ्या बाजूला मुख्य इंजिन आणि जनरेटर मिळून जेवढा गॅस खातील तेवढा. वेग जास्त असेल तर बीओजी पुरत नाही, वेग उतरला की उरतो. मधे एक असा वेग असतो जिथे दोन्ही बाजू जुळतात. तो तुमच्या जहाजासाठी किती नॉट आहे हे चीफ इंजिनिअरना विचारून घ्या. कप्तानसाहेबांना प्रवासाचा वेग ठरवताना हा आकडा लागतो, आणि तो तत्परतेने सांगणाऱ्या ज्युनिअरची किंमत लगेच कळते.

पहिल्या दिवसांत गॅसचा दर्जाही बघा. नायट्रोजन मिथेनच्या आधी उडतो. द्रवात तो अर्धा टक्का असला तरी वाफेत दहा टक्क्यांच्या आसपास असू शकतो. त्यामुळे सुरुवातीच्या बीओजीत उष्मांक कमी असतो. इंजिन तेवढ्याच वेगासाठी जास्त गॅस मागतंय असं दिसलं तर आधी हे कारण आठवा, मग फ्लोमीटरवर संशय घ्या.

वाफ निघून जाता जाता उरलेला माल हळूहळू जड होतो, कारण हलके घटक आधी जातात. हे किती महत्त्वाचं आहे ते इटलीतल्या ला स्पेझियाजवळच्या टर्मिनलने १९७१च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. 'एस्सो ब्रेगा' हे जहाज माल घेऊन बंदरात बराच काळ थांबलं होतं. त्या काळात उडून उडून माल जड आणि गरम झाला होता. किनाऱ्यावरच्या टाकीत तो तळाशी भरला गेला आणि वर आधीचा हलका द्रव राहिला. काही तासांनी थर उलटले आणि साठलेली उष्णता एका दमात वाफ होऊन बाहेर आली, टाकीचे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडले. टाकी किनाऱ्यावरची होती, पण बीज जहाजावरच्या बीओजीत होतं. म्हणून मालाची घनता आणि तापमान किनाऱ्याला अचूक कळवणं, हे बीओजीच्या कामाचाच भाग समजा.

सहावी पायरी : बीओजी कमी पडला तर

यात अवघड काही नाही. स्प्रे पंपाने टाकीतला थोडा द्रव फोर्सिंग व्हेपरायझरकडे पाठवायचा आणि त्याची वाफ करायची. फरक इतकाच लक्षात ठेवा की नैसर्गिक बीओजी जवळपास मिथेन आणि नायट्रोजन असतो, तर इथे अख्खा द्रव उकळवला जातो, त्यातल्या इथेन-प्रोपेनसकट. जड घटकांनी मिथेन नंबर, म्हणजे गॅसची ठोक्यांना न जुमानण्याची क्षमता, उतरतो आणि ड्युअल-फ्युएल इंजिन ठोके देऊ लागतं. म्हणून व्हेपरायझरच्या बाहेरचं तापमान मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढच्या मिस्ट सेपरेटरमध्ये जड थेंब बाजूला काढतात. त्या सेपरेटरची पातळी वॉचमध्ये एकदा तरी बघा.

सातवी पायरी : जहाज थांबलं तर

इथे नीट लक्ष द्या. माझ्या मते बीओजीची खरी परीक्षा खोल समुद्रात नसते, ती नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर असते. मुख्य इंजिन बंद, जनरेटरला दिवसाला थोडेच टन गॅस लागतो, आणि टाक्या मात्र तेच ६६ टन देत असतात. जेट्टी रिकामी नाही, हवामान खराब आहे, किनाऱ्यावर साठवायला जागा नाही, अशी कारणं काहीही असोत, वाट पाहावी लागतेच. कोकणातल्या दाभोळच्या टर्मिनलला वर्षानुवर्षं लाटा अडवणारा बांध नव्हता आणि पावसाळ्यात तिथे एलएनजी जहाजं लागत नसत. या किनाऱ्यावर हवामान वेळापत्रक कसं ठरवतं ते आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

अशा वेळी हाताशी काय असतं?

सर्वात आधी ब्रिजशी बोला. थांबायचंच असेल तर पूर्ण थांबण्याऐवजी हळू वेगाने फिरत राहता येईल का? आधीच्या दोन दिवसांत वेग किती ठेवायचा? लवकर पोहोचून नांगर टाकण्यापेक्षा सावकाश येणं कधी बरं, तर कधी वेगाने येऊन वाटेत टाकीचा दाब खाली आणून ठेवणं बरं. दुसऱ्या पद्धतीत प्रवासात बीओजी इंजिनात वापरला जातो, द्रव थोडा थंड होतो आणि थांबल्यावर दाब वाढायला जागा मिळते. थांबणार हे दोन दिवस आधी माहीत असेल तर मी हीच पद्धत निवडतो. त्यासाठी ब्रिज, सीसीआर आणि इंजिन कंट्रोल रूम यांनी रोज सकाळी पाच मिनिटं एकत्र बोललं पाहिजे. ब्रिजने वेग उतरवला आणि सीसीआरला ते दाब चढल्यावर कळलं, असं होता कामा नये.

मग दाब साठवण्याचा हिशेब. कागदावर तो फार दिलासा देतो. सगळी वाफ कोंडली आणि सगळा द्रव एकसारखा मिसळत राहिला, तर वरच्या उदाहरणात पूर्ण मालाचं तापमान दिवसाला अंशाच्या आठव्या भागाने वाढेल आणि दाब जेमतेम एक किलोपास्कलने. प्रत्यक्षात द्रव मिसळत नाही. गरम झालेला द्रव भिंतीलगत वर सरकतो, पृष्ठभागावर पातळ गरम थर धरतो, आणि दाब त्या थराप्रमाणे चढतो, म्हणजे हिशेबापेक्षा बराच जलद. स्प्रे पंपाने तळाचा थंड द्रव वरच्या वाफेत फवारला तर दाब काही काळ उतरतो, पण पंपाची उष्णताही टाकीतच पडते. हा उपाय वेळ मिळवून देतो, उष्णता बाहेर काढत नाही.

रिलिक्विफॅक्शन प्लांट असेल तर तो आता चालवा. त्याला काही मेगावॅट वीज लागते, ती देण्यासाठी जनरेटर जास्त गॅस खातील, तेही ताळमेळात धरा. वाफेत नायट्रोजन जास्त असेल तर तो भाग द्रव होत नाही आणि प्लांटची क्षमता घटते. भरल्यानंतर लगेचच्या दिवसांत हे हमखास जाणवतं.

उरलेलं जीसीयूकडे. कोडप्रमाणे त्याची ज्योत बाहेर दिसता कामा नये आणि धुराड्यातलं तापमान ५३५ अंशांखाली हवं, म्हणून त्याला भरपूर हवा पुरवणारे मोठे पंखे लागतात. जीसीयू थांबण्याच्या आधीच्या दिवशी चाचणी म्हणून चालवून बघा. पंख्याचा डॅम्पर अडकलाय, फ्लेम डिटेक्टरची काच काजळलीय, हे दाब चढत असताना कळणं परवडत नाही. मात्र हाताशी आहे म्हणून जीसीयू सतत चालवत ठेवणं मला पटत नाही. तिथे जळतो तो कोणाचा तरी विकत घेतलेला माल असतो, आणि त्या बदल्यात जहाज एक इंचही पुढे जात नाही. जीसीयू सुरू करण्याआधी वेग, दाबाची मोकळी मर्यादा आणि रिलिक्विफॅक्शन हे तिन्ही मार्ग तपासले होते, असं लॉगवरून दिसलं पाहिजे.

आठवी पायरी : खवळलेला समुद्र

जहाज डोलू लागलं की आकडे दोन्ही दिशांना हलतात. द्रव वरच्या गरम भिंतींवर आणि डोमजवळ आपटतो, त्याने वाफ वाढते. उलट, पृष्ठभागावर गरम थर साचलेला असेल तर तो मोडतो आणि दाब अचानक उतरतो. म्हणून वादळाकडे जाताना दाब मर्यादेच्या मधोमध ठेवावा, वरच्या किंवा खालच्या टोकाला चिकटवून ठेवू नये. मेम्ब्रेन टाकी अर्धवट भरलेली ठेवून समुद्रात जाता येत नाही हेही लक्षात असू द्या : टाकीच्या लांबीच्या १० टक्क्यांएवढ्या पातळीपासून उंचीच्या ७० टक्क्यांपर्यंतचा पट्टा सहसा निषिद्ध असतो, कारण उसळणारा द्रव भिंतीला इजा करतो. बीओजीसाठी एका टाकीतून दुसरीत द्रव हलवण्याचा विचार कोणी मांडला तर आधी हा पट्टा तपासा.

नववी पायरी : उतरवणं आणि परतीचा प्रवास

टर्मिनल येणाऱ्या मालाच्या तापमानावर किंवा दाबावर मर्यादा घालतं. ती मर्यादा निघण्याच्या दिवशीच माहीत हवी. गरम माल घेऊन पोहोचलात तर किनाऱ्यावरच्या कमी दाबाच्या टाकीत तो भसाभस उकळतो, आणि टर्मिनल उतरवण्याचा वेग कमी करायला लावतं. प्रवासात दाब वाढू दिल्याचं फळ ते इथे मिळतं.

उतरवताना गणित उलटं होतं. द्रव बाहेर जातो, मोकळ्या जागेत वाफ हवी, नाहीतर टाकीतला दाब कोसळतो. किनारा ती परत पाठवतो. तिथून पुरेशी आली नाही तर जहाजावरचा एलएनजी व्हेपरायझर वापरून तयार करावी लागते.

रिकामं परतताना टाकीत थोडा द्रव राखतात, त्याला हील म्हणतात. तो दोन कामांसाठी : इंजिनला गॅस आणि टाकी थंड ठेवणं. पुढच्या बंदरात पोहोचेपर्यंत मेम्ब्रेन टाकीचं सरासरी तापमान उणे १३० अंशांच्या आसपास हवं, म्हणून आधीच्या एक-दोन दिवसांत टाकीत थंड द्रवाचा स्प्रे करतात. स्प्रे केला की वाफ उसळते. जहाज पूर्ण वेगात असताना स्प्रे केला तर ती सगळी इंजिनात जाते. बंदराबाहेर वेग उतरल्यावर केला तर तीच वाफ जीसीयूत जाते. स्प्रेचं वेळापत्रक प्रवासाच्या वेळापत्रकासोबत बसूनच आखा.

दहावी पायरी : वाफ बाहेर आली तर

जीसीयू बंद, इंजिन बंद, दाब व्हेंटच्या आकड्याकडे निघालाय, अशी वेळ क्वचित येते, पण त्या वेळी काय करायचं ते आधीच पाठ हवं. कप्तानाला कळवल्याशिवाय व्हेंट व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. वाऱ्याची दिशा बघून जहाज असं वळवायचं की वाफ राहत्या भागापासून दूर जाईल. वेंटिलेशनची तोंडं बंद, डेकवर कोणी नाही, गरम काम बंद. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हे शाळेत शिकलेलं असतं, पण साधारण उणे ११० अंशांखाली त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. वारा पडलेला असेल तर ती मास्टवरून खाली डेकवर उतरते. म्हणून शक्य असेल तर आधी हीटरमधून गरम करून सोडतात. विजा चमकत असताना व्हेंट करायचं नाही. मास्टच्या तोंडाशी आग लागलीच तर विझवायला नायट्रोजनची सोय असते, ती कुठून सुरू होते ते पाहून ठेवा.

व्हेंट इतका टाळण्यामागे आग हे एकच कारण नाही. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापार योजनेत २०२६पासून जहाजांचा मिथेनही मोजला जातो. इंजिनात न जळता धुराड्यातून निसटणारा मिथेन याच हिशेबात येतो, त्यामुळे फार कमी लोडवर गॅस इंजिन रेंगाळत चालवणंही चांगलं नाही.

आता तुमच्या जिवाचं. घरच्या सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, जहाजावरच्या एलएनजीला वास नसतो. नाकावर विसंबून राहू नका, अंगावरचा डिटेक्टर चालू ठेवा, कॉम्प्रेसर रूममध्ये शिरण्याआधी पंखा चालू आहे आणि हवा तपासली आहे याची खात्री करा. थंड पाइपला उघडा हात लावला तर कातडी चिकटून सुटते. द्रवाची गळती साध्या जहाजी पोलादावर पडली तर पोलाद ठिसूळ होऊन तडकतं, म्हणून मॅनिफोल्डखाली, म्हणजे किनाऱ्याच्या लाइन जोडतात त्या जागेखाली, पाण्याचा पडदा सोडलेला असतो. गळती दिसली की आधी इमर्जन्सी शटडाउनचं बटण, मग फोन. ही बटणं डेकवर कुठेकुठे आहेत ते पहिल्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, एक फेरी मारून बघून या. आणि वॉच सोपवताना पुढच्या माणसाला तीन गोष्टी तोंडी सांगा : दाब कुठल्या दिशेने सरकतोय, पुढच्या बारा तासांत वेग बदलणार आहे का, आणि जीसीयू शेवटचा कधी चालवून पाहिला.